कचरा भिजला की संपलं

पाव किलो टोमॅटोत पाणी किती? जवळजवळ 235 ग्रॅम. कलिंगडाच्या सालीत 90 टक्क्यांच्या वर, शिजलेल्या भातात साधारण 70 टक्के. स्वयंपाकघरातून रोज निघणारा ओला कचरा वजनानं पाऊण भाग पाणीच असतो. चौघांच्या घरात दिवसाला अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा धरला, तर महिन्याकाठी अकरा ते सतरा लिटर पाणी आपण महापालिकेच्या टिपरवर चढवतो. एका घराचं हे पाणी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळाचं किती, ते ज्याचं त्यानं मोजावं.

कचरा वेगळा का करायचा, याचं उत्तर या पाण्यात आहे. सुका कचरा सुका आहे तोवर त्याला गिऱ्हाईक असतं. रद्दी, पत्रा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, सगळ्याला. त्यावर आमटी सांडली की तोच माल कोंडाळ्याचा धनी.

कागदाचं पाहा. कागद म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची गुंतवळ. तंतूंमधल्या फटींतून पाणी वर चढतं, समईच्या वातीतून तेल चढतं तसंच. बादलीच्या तळाशी ओंजळभर खरकटं असलं तरी संध्याकाळपर्यंत वरचा कागद ओला होतो. गंमत म्हणजे कागदगिरणीतही रद्दी आधी पाण्यातच भिजवतात, तेव्हा निव्वळ भिजण्यानं कागद वाया जात नाही. वाया जातो तो पाण्याबरोबर आलेल्या तेलानं आणि बुरशीनं. तेल तंतूंना चिकटून बसतं आणि नव्या कागदावर डाग होऊन उमटतं, बुरशी तंतूच खाते. त्यामुळे भज्यांचा तेलकट कागद रद्दीत टाकू नये. तो फाडून ओल्या कचऱ्यात टाकावा, तिथं तो कामाला येतो. दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागदही रद्दीत नको. त्यावर उष्णतेनं काळं होणारं रसायन असतं, ते पुढच्या लगद्यात उतरतं.

जाळण्याच्या बाबतीतही पाणीच आडवं येतं. उकळत्या पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे 540 किलोकॅलरी लागतात, म्हणजे ओला कचरा जाळताना निम्मीशिम्मी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच खर्ची पडू शकते. 2016 च्या घनकचरा नियमांनी किलोला 1500 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरू नये असं म्हटलं. चिप्सचं पाकीट कोरडं असेल तर हा आकडा सहज ओलांडतं. भातात कालवलेलं असेल तर त्याचा हिशेब बिघडतो.

जाळला नाही, पुरलाही नाही, नुसता ढीग लावला तर? कसबा बावड्याच्या लाईन बाजारातला, महापालिकेच्या झूम कचरा प्रकल्पाचा ढिगारा कोल्हापूरकरांना माहीत आहे. असा ढीग उंच होतो तसा आतली हवा संपते. हवा नसलेल्या ओल्या जागेत वेगळे जिवाणू काम सुरू करतात आणि मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 ते 30 पट उष्णता धरतो, शिवाय तो पेटतो. ढिगाच्या पोटातून निथळणारं काळं पाणी खाली मुरतं ते वेगळंच.

"आम्ही वेगळा दिला तरी गाडीत एकत्रच टाकतात," ही तक्रार कुठल्याही पेठेत ऐकू येईल. जिथं तसं होतं तिथं तक्रार खरी आहे, आरोग्य निरीक्षकापर्यंत ती न्यावीच. पण ओला कचरा घरातच जिरवला तर गाडीत जाणारं जवळजवळ सगळं कोरडं असतं. मग भिजवायला आपल्याकडून फारसं काही उरत नाही. म्हणून खतावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी सुक्याचं उरकू.

दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी दोन-अडीच ग्रॅमची. दिवसाला दोन धरल्या तर महिन्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास चांगलं मऊ प्लास्टिक जमतं. ही पॉलिथिलीनची पिशवी वितळवून पुन्हा सहज वापरता येते. अडचण दोनच. एक, आतला दुधाचा थर: दोन दिवसांत तो आंबतो आणि पिशव्यांचा गठ्ठा चिकट होतो. पाव कप पाण्यानं खळबळून ते पाणी कुंडीत ओतलं आणि पिशवी उलटी करून दोरीवर लटकवली की काम झालं. दुसरी अडचण कोपऱ्याची. पिशवी कापताना तो सुटा इवलासा तुकडा उडतो, चाळणीतून खाली पडतो, गटारीत जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. अर्धवट काप द्यावा, तुकडा पिशवीला लटकत राहू द्यावा.

कुठलं प्लास्टिक कुठलं, हे ओळखायला पेलाभर पाणी पुरतं. पाण्याच्या बाटलीचा नखाएवढा तुकडा आणि तिच्या झाकणाचा तेवढाच तुकडा पाण्यात टाका. पृष्ठभागावर तरंगत राहण्याचा खोटेपणा टाळायला भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडे बोटानं बुडवून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जातो, कारण पेट प्लास्टिकची घनता 1.38 च्या आसपास. झाकण वर येतं, कारण ते पॉलिप्रॉपिलीन किंवा दाट पॉलिथिलीनचं, घनता 0.90 ते 0.96. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा मोठ्या हौदात सोडून हेच करतात. फसवतं ते पीव्हीसी. त्याची घनता 1.4 च्या जवळ, म्हणून ते पेटबरोबर बुडतं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं आणि त्या तापाला पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, सगळा माल पिवळा पडतो. म्हणून नळजोडणीच्या पाइपचे तुकडे बाटल्यांच्या पोत्यात टाकू नयेत.

चांदीसारखं चमकणारं पाकीट मुठीत चुरगाळा आणि सोडा. उलगडलं तर प्लास्टिक, चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमचा वर्ख. वर्ख स्वच्छ असेल तर भंगारात चालतो. पाकीट नाही चालत. त्यात प्लास्टिकच्या थरांवर धातूचा मायक्रॉनहून पातळ लेप असतो आणि तो वेगळा काढणं परवडत नाही. अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, तीही कोरडी असली तरच.

ओल्या-सुक्याशिवायची तिसरी पिशवी छोटी, पण तिच्यात हाताला लागणारं सगळं असतं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वर लाल खूण करावी. काळ्या पिशवीत बांधून दिलं की आत काय आहे हे बघायला कुणाला तरी ती उघडावी लागते. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून हातात द्यावी. ब्लेड आणि इन्सुलिनच्या सुया फिनेलच्या रिकाम्या बाटलीत साठवून झाकण घट्ट लावावं. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून ते फोडू नयेत. फुटलाच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं, मग पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करून उरलेली भुकटी चिकटपट्टीनं उचलावी. झाडू फिरवला तर पारा पसरतो. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्यावी. बॅटरी फुगली असेल तर मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवावी. गाडीत दाबली गेली तर ती पेट घेते.

आता खत.

घरच्या खताला एकच हिशेब सांभाळावा लागतो, कार्बन आणि नायट्रोजनचा. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनामागे 25 ते 30 भाग कार्बन लागतो आणि ओलावा 50 ते 60 टक्के. भाजीच्या देठा-सालींमध्ये हे प्रमाण 18 च्या आसपास असतं आणि ओलावा 75 टक्के, म्हणजे दोन्हीकडून चुकलेलं. वाळक्या पाल्यात कार्बनाचं प्रमाण 55-60 आणि पाणी जेमतेम 10 टक्के. एक किलो भाजीच्या कचऱ्यात 300 ग्रॅम वाळका पाला मिसळला तर गणितानं प्रमाण 28 वर येतं आणि ओलावा 60 टक्क्यांवर. एका फटक्यात दोन्ही जागेवर. वजनकाटा नसेल तर मापानं, एक वाटी ओल्याला दीड-दोन वाट्या चुरलेला पाला. बहुतेकांची इथंच चूक होते. मूठभर पाला वरून भुरभुरवतात आणि मग वास येतो म्हणून डबाच बंद करतात.

पाल्याची कोल्हापुरात वानवा नाही, पण तो पावसाळ्यात वाळका मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पोत्यात भरून ठेवावा. जवळ शेत असेल तर उसाचं पाचट बारीक कापून वापरावं. रसवंतीवरचं चिपाडही चालतं, मात्र ते ओलं आणि गोड असतं. तसंच टाकलं तर मुंग्या आणि माश्या तुटून पडतात. दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, बोटभर तुकडे करून टाकावं. चिपाड सावकाश कुजतं, पण त्याच्या फटींतून हवा खेळते, हाच त्याचा मोठा उपयोग. नारळाच्या शेंड्याही त्याच कामाच्या. करवंटी मात्र नको, ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

रंगाचे 20 लिटरचे तीन डबे घ्या. कडेला सगळीकडून चार-चार बोटांवर पेन्सिल जाईल एवढी भोकं, तळाला सात-आठ, खाली दोन विटा आणि ताटली. तळात चार बोटं चिपाड. रोजचा कचरा बारीक चिरून, पाल्यात कालवून टाकायचा आणि वर कोरड्याचा थर. चौघांच्या घराला एक डबा भरायला सुमारे तीन आठवडे लागतात. मग तो सहा आठवडे मुरू द्यायचा, आठवड्यातून एकदा खालीवर करत. तिसरा डबा भरेपर्यंत पहिला तयार होतो. गूळ-ताकाचं विरजण हवंच असं नाही. कुजवणारे जिवाणू सालीवर आधीच असतात. ओंजळभर जुनं खत किंवा शेणाचा काला पुरतो. गूळ जास्त झाला तर उलट आम्ल वाढतं.

या डब्यात मोठ्या ढिगासारखे 60 अंश गाठले जात नाहीत. डबा लहान, त्याची उष्णता कडांतून निघून जाते. त्यामुळे टोमॅटोच्या बिया मरत नाहीत आणि पुढे मोगऱ्याच्या कुंडीत टोमॅटोचं रोप उगवतं. आजारी झाडाची पानं आणि कुत्र्या-मांजराची विष्ठा यात टाकायची नाही, तेही याच कारणानं.

रविवारचं वेगळं प्रकरण. मटणाची हाडं घरच्या डब्यात कुजत नाहीत, कारण त्यांचा मोठा भाग कॅल्शियमचा क्षार आहे. वासानं घुशी आणि कुत्री येतात. हाडं टिपरच्या ओल्या कप्प्यातच द्यावीत. तांबड्या रश्शाची तर्री आणि मिसळीचा कटही डब्यात नको. तेल प्रत्येक कणावर पापुद्रा धरतं, आत हवा जात नाही, वर मीठही असतं. भांडं आधी कागदानं पुसावं. तेवढा कागद डब्यात चालतो.

बिघाड नाकाला कळतो. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडली आहे: खालीवर करा, चिपाड घाला. नाकात झोंबणारा, जुन्या मुतारीसारखा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला आहे आणि अमोनिया उडतो आहे: पाला वाढवा. आंबूस वास बहुधा भात-दह्याचा. मुंग्या लागल्या तर डबा कोरडा पडला आहे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामावर आहे. पावसाळ्यात जाड, करड्या अळ्या वळवळताना दिसतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि खरकटं झपाट्यानं फस्त करतात. किळस वाटली तर कोरड्याचा थर वाढवा, त्या कमी होतात.

निर्माल्य याच डब्यात जावं, पण हाराचा दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुलं काढून. झेंडू लवकर कुजतो. तोच पाण्यात सोडला तर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि नायट्रोजन-फॉस्फरस मागे ठेवतो. जलपर्णीला आणि हिरव्या शेवाळाला तेच हवं असतं. रंकाळा तलावाकाठी राहणाऱ्यांना याचं वर्णन करायला नको.

आणि पाऊस. शहरात वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर पडतो, बहुतेक चार महिन्यांत. डब्याचं तोंड फूटभर रुंद असेल तर उघड्यावर त्यात वर्षभरात 70 लिटर पाणी पडेल, आणि डबा आहे 20 लिटरचा. तो पत्र्याखाली हवाच. 2019 च्या ऑगस्टमध्ये किंवा 2021 च्या जुलैमध्ये आला तसा पूर आला आणि डब्यात पुराचं पाणी शिरलं, तर ते खत भाजीच्या वाफ्याला वापरू नये. त्या पाण्यात गटारीचं पाणी मिसळलेलं असतं.

ओलावा मुठीनं बघावा. मूठ घट्ट आवळल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला घालायचा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडायचं.

खत झालं का, हे रंगावरून ठरवू नका. काळं दिसणारं खतही कच्चं असतं आणि कच्चं खत मुळं जाळतं. दोन वाट्या घ्या. एकीत अर्धं खत-अर्धी माती, दुसरीत नुसती माती. दोन्हींत दहा-दहा मेथीदाणे पेरा. पाच दिवसांनी मोजा. मातीत नऊ आणि खतात आठ-नऊ उगवले तर डबा कुंड्यांत रिकामा करायला हरकत नाही. खतात चार-पाचच आले किंवा कोंबांची टोकं तपकिरी पडली, तर झाकण लावून आणखी पंधरा दिवस. मेथी मात्र दोन्ही वाट्यांतली आमटीत टाकू नका, ती परत डब्यात.