मॉड्युलर बांधकाम (रुग्णालय विस्तार)

रुग्णालयाच्या वाढीव इमारतीच्या संपूर्ण खोल्या किंवा त्यांचे मोठे भाग कारखान्यात तयार करून, ते जागेवर आणून जोडण्याच्या पद्धतीस मॉड्युलर बांधकाम म्हणतात. इकडे पाया भरला जात असतानाच तिकडे खोल्या तयार होत असल्याने वेळ वाचतो. परंतु चालू रुग्णालयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही, की धूळ, आवाज आणि मजुरांची वर्दळ आवारात बरीच कमी होते. बांधकामाच्या धुळीबरोबर पसरणारे अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५ मध्ये, ब्रिटिश अभियंता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी तुर्कस्तानातील दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळील रेंकिओई येथील लष्करी रुग्णालयासाठी लाकडी कक्षांचा आराखडा केला. त्यांचे सुटे भाग इंग्लंडमध्ये बनवून जहाजांनी पाठवण्यात आले. प्रत्येक इमारतीत ५० रुग्णांची सोय, तिची स्वतःची शौचालये आणि हवा खेळवण्यासाठी पंखा होता. त्यामुळे रुग्ण वाढतील तशा इमारती जोडत जाणे शक्य होते.

आधुनिक काळात अमेरिकेतील डेटन येथील मियामी व्हॅली रुग्णालयाचा १२ मजली विस्तार (२०१०) बराच चर्चिला गेला. तेथे संपूर्ण खोल्या नव्हे, तर १७८ रुग्णखोल्यांची स्नानगृहे, खाटेमागील वायुनळ्या व वीजजोडण्यांचे फलक आणि मार्गिकांच्या छतालगतच्या वाहिन्यांचे सांगाडे बाहेर बनवण्यात आले. पुनरावृत्ती जिथे अधिक, तिथे ही पद्धत अधिक फळते; रुग्णखोल्या एकसारख्या असतात, हे येथे पथ्यावर पडते. याउलट किरणोपचार कक्षाला काँक्रीटच्या जाड भिंती लागत असल्याने त्याचे बांधकाम सहसा जागेवरच होते.

अडचणी मुख्यतः सांध्यांवर येतात. जुन्या इमारतीच्या मजल्यांची उंची नव्या घटकांशी जुळली नाही, तर रुग्णाची खाट ढकलत नेणाऱ्या कर्मचाऱ्याला ते रोज जाणवते. घटकांची रुंदी रस्त्याने नेता येईल तेवढीच ठेवावी लागते आणि कारखान्यात काम सुरू झाल्यावर आराखडा बदलणे महाग पडते; डॉक्टर व परिचारिकांचे मत त्याआधीच घ्यावे लागते.

भारतात कोविड साथीच्या काळात, २०२१ मध्ये, आयआयटी मद्रासमध्ये उगम पावलेल्या मॉड्युलस हाउसिंग या नवउद्योगाची ‘मेडिकॅब’ नावाची, कारखान्यात तयार केलेल्या कक्षांची विस्तार-रुग्णालये विद्यमान रुग्णालयांना जोडून उभारण्याचे काम हाती घेण्यात आले; पहिल्या ठिकाणांत महाराष्ट्रातील अमरावती, पुणे व जालना यांचा समावेश होता.