लैंगिक छळाविषयी जागृती (गोव्यातील महाविद्यालये)

लैंगिक छळ म्हणजे नेमके काय आणि तक्रार कुठे, किती दिवसांत करायची, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम. त्याचा पाया कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल, त्याच विषयावरचा 2013 चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2016 मध्ये अधिसूचित झालेले विनियम. या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती लागते. अध्यक्षा ज्येष्ठ प्राध्यापिका असतात. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख मात्र बसू शकत नाहीत. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. मुलगेही तक्रार करू शकतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

या विषयात गोव्याचे नाव देशभर गेले ते 12 मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी 2009 मध्ये एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. समितीने सुनावण्या घाईघाईने उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, म्हणून बडतर्फी टिकली नाही आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली गेली. त्याच निकालात देशभरच्या समित्यांची झाडाझडती घेण्याचे निर्देशही आले. चौकशी कच्ची राहिली की भुर्दंड तक्रारदार मुलींनाच बसतो; चौदा वर्षे थोडी नव्हेत.

गोव्यातली खरी अडचण ओळखीपाळखीची. समितीतली बाई मावशीची शेजारीण निघते, आरोपीचा काका वडिलांसोबत देवस्थान समितीवर असतो. कायद्याने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावेच लागते, पण कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये सुरू झालेली कुजबुज कोण थांबवणार? त्यात पत्रके बहुधा इंग्रजीत, मुली आपसात बोलतात कोकणीत, आणि मराठी वर्तमानपत्रात छापून येतो ‘विनयभंग’. या शब्दात मुलीचाच विनय मोडल्यासारखा वाटतो. ‘लैंगिक छळ’ निदान करणाऱ्याकडे बोट दाखवतो.

समितीचा फलक बहुतेक ठिकाणी असतो. तो सूचनाफलकाच्या काचेमागे, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धा झाकलेला असला, तर त्यावरचा फोन नंबर कोण वाचणार?

बलात्कार, पाठलाग, चोरून चित्रीकरण हे गुन्हे समितीपुरते राहत नाहीत. त्यांची फिर्याद पोलिसांत देता येते. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा केंद्राचा कायदा) आणि गोव्याचा स्वतःचा 2003 चा बाल कायदा लागू होतो. पणजीत वसतिगृहावर राहणाऱ्या काणकोणच्या मुलीला फिर्यादीसाठी गावी जावे लागत नाही. घटना कुठेही घडलेली असो, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.