गॅस बंद केला ना?

घराला कुलूप लावून लिफ्टपर्यंत आलं की पुष्कळांच्या मनात हा प्रश्न येतोच. परत जाऊन पाहिलं तर शेगडी बंदच असते, आणि रिक्षात बसल्यावर तीच शंका पुन्हा डोकं वर काढते. याला आपण विसरभोळेपणा म्हणतो, पण काम तर झालेलं असतं. नसते ती फक्त ते केल्याची ठळक आठवण. रोज एकाच पद्धतीने होणारी कृती मेंदू फारसं लक्ष न देता उरकतो. त्यामुळे आजचं बटण फिरवणं आणि कालचं बटण फिरवणं यांच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात.

अशा वेळी पुन्हा पुन्हा तपासल्याने खात्री वाढायला हवी. होतं उलटंच. नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली संगणकाच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी दाखवून प्रयोग केला. काही जणांना शेगडी वारंवार तपासायला लावलं, तर काहींना शेगडीऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी दोन्ही गटांना शेगडीबद्दल विचारलं. उत्तरांच्या अचूकतेत फरक नव्हता, पण वारंवार शेगडी तपासणाऱ्यांची आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वासही कमी झाला होता.

म्हणून तपासणी एकदाच करावी, पण ठळक करावी. शेगडीची सगळी बटणं बंद, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक पाइपला आडवा. शेवटी त्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं: ‘मंगळवार, गॅस बंद.’ वार उच्चारल्याने आजची आठवण कालच्या आठवणीपासून वेगळी राहते. घरचे हसतील, हसू द्यावं. जपानी रेल्वेचे कर्मचारी अनेक दशकं असंच बोट दाखवून आणि मोठ्याने बोलून काम करत आले आहेत. आपल्याकडेही इंजिनातले लोको पायलट आणि त्यांचे सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात.

गोळ्यांचंही तसंच. ‘सकाळची गोळी घेतली की नाही?’ याचं उत्तर डोक्यात शोधण्यापेक्षा सात खणांची डबी आणावी आणि रविवारी भरून ठेवावी. खण रिकामा असेल तर गोळी पोटात गेली आहे. डबी नसेल तर गोळीच्या पाकिटावर पेनाने वार लिहिले तरी चालतं. केवळ शंकेपोटी दुसरी गोळी घेणं मात्र काही औषधांच्या बाबतीत चांगलंच महागात पडू शकतं.

ही झाली केलेल्या कामांची शंका. करायच्या कामांचं ओझं याहून मोठं असतं. पुढे करायची गोष्ट नेमक्या वेळी आठवणं ही स्मृतीची एक वेगळी कामगिरी आहे आणि तिचे दोन प्रकार पडतात. ‘साडेचारला फोन करायचा’ असं घड्याळाला बांधलेलं काम अवघड, कारण मधल्या वेळात आपणच अधूनमधून घड्याळ पाहत राहावं लागतं. ‘वॉचमन दिसला की किल्ली द्यायची’ हे त्या मानाने सोपं, कारण वॉचमन दिसणं हीच आठवण असते. तेव्हा जमेल तितकी कामं घड्याळावरून काढून एखाद्या घटनेला बांधावीत. बुधवारच्या डब्यात मटकीची उसळ हवी असेल तर मटकी मंगळवारी सकाळी भिजत पडायला हवी, म्हणजे आठ-दहा तासांनी उपसून रात्रभर फडक्यात बांधून ठेवता येते. ‘मंगळवारी मटकी भिजवायची’ एवढंच ठरवलं तर ते हमखास राहतं. ‘मंगळवारी सकाळचा चहा गाळला की मटकी भिजत घालायची’ हे टिकतं.

‘अमुक झालं की तमुक करायचं’ या साच्यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी बरंच काम केलं आहे. १९९७ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ठरलेल्या मुदतीत एक छोटा अहवाल लिहायचा होता. कुठे आणि केव्हा लिहिणार हे आधी ठरवून ठेवलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला, तर बाकीच्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनीच.

हा साचा फसतो तो ढिल्या खुणेमुळे. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे, तशी वेळ आली हे कधी कळतच नाही. ‘जेवण झाल्यावर’ हेही ढगळच. ‘ताट घासायला टाकलं की’ हे नेमकं. एका खुणेला चार कामं बांधली तरीही गाडी अडते. मोबाइलच्या गजराचं दुखणं वेगळं. तो बहुधा काम करता येणार नाही अशा जागी वाजतो. लाइटबिलाचा गजर गर्दीच्या लोकलमध्ये वाजला की आपण तो बंद करतो, आणि त्यासोबत कामही डोक्यातून जातं. वस्तूच वाटेत ठेवणं यापेक्षा खात्रीचं. शिंप्याकडे द्यायचं कापड चपलांवर ठेवलं की ते ओलांडून घराबाहेर पडताच येत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र अशा खुणांचा उपयोग नाही. तिथे सगळी राहिलेली कामं एकदम आठवायला लागतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी ५ मिनिटं लिहायला सांगितलं आणि झोपेची नोंद यंत्राने घेतली. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी नुकतीच पूर्ण केलेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, तेव्हा त्यावर फार मोठे मनोरे रचू नयेत. पण खर्च एका कागदाचा आहे.

यादी कशी लिहायची याला महत्त्व आहे. ‘बँक’ असं लिहिलं तर ते काम नाही, काळजी आहे. ‘केवायसीसाठी आधार आणि पॅनची झेरॉक्स बॅगेत टाकणे, ११ वाजता शाखेत’ असं लिहिलं की डोकं त्यावरचा पहारा सोडायला तयार होतं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांतही हेच दिसलं: अपुऱ्या कामाचे विचार मध्ये मध्ये यायचे थांबायला काम पूर्ण होणं गरजेचं नव्हतं, त्याची नेमकी योजना ठरणं पुरेसं होतं. यादी कागदावर करावी. फोन हातात घेतला की पाच मिनिटांची पन्नास होतात.

आता वेळेचा अंदाज, जिथे यादीही हरते. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. ‘सगळंच बिघडलं तर किती?’ याचंही उत्तर सुमारे ४९ दिवस आलं होतं, म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा तोकडाच. ‘दहा मिनिटांत निघतो’ म्हणताना आपण फक्त चप्पल घालणं मोजतो. पाण्याची बाटली भरणं, पंखे बंद करणं, लिफ्टची वाट, गाडी काढायला समोरच्याची गाडी हलवणं यांचा हिशोब कुणी धरत नाही. मनातला अंदाज बाजूला ठेवून मागच्या वेळी किती लागला ते पाहावं. आठवडाभर ‘निघूया’ म्हटल्याची आणि प्रत्यक्ष फाटकाबाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवली की आपल्या घराचा आकडा कळतो. तो बहुतेकदा मान्य होण्यासारखा नसतो.

मध्येच काम सोडावं लागलं तर उठण्यापूर्वी एक ओळ खरडावी: कुठे थांबलो आणि पुढची पायरी कोणती. ‘जूनची बिलं झाली, जुलै लावायचा आहे’ एवढं पुरे.

हे सगळं एकदम सुरू करू नये. ‘२१ दिवसांत सवय लागते’ याला तसा आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्य ६६ दिवस आला. पण माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. २५४ हा आकडा गणिताने पुढे ताणून काढलेला, कारण अभ्यास १२ आठवड्यांचाच होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं.

गॅस-कुलूप तपासण्यात रोज बराच वेळ जात असेल आणि न तपासल्यास जीव कासावीस होत असेल, तर बोट दाखवण्याच्या युक्तीवर अवलंबून राहू नये. तो मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञांकडून घ्यावेत.