गणित पक्कं, तरी मत कट्टरच

शिकला की माणसाचा कट्टरपणा जातो, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते तपासून बघावं असंही कुणाला वाटत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॅन काहान यांनी 2013 मध्ये ते तपासलं, हजारावर लोकांना घेऊन, आणि प्रयोग इतका साधा की मी तो भेटेल त्याला सांगत असतो.

आधी पुरळावरचं एक क्रीम. लावलेल्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. न लावलेल्यांत 107 जणांचं कमी, 21 जणांचं वाढलं. क्रीम चांगलं का? 223 बघून आपण हो म्हणून मोकळे. पण लावलेले एकूण 298, म्हणजे बरे झाले 75 टक्के, आणि न लावलेले 128, त्यातले 84 टक्के. क्रीम न लावलेलंच बरं! निम्म्याहून जास्त लोक इथे चुकले, गणितात पक्के होते ते कमी चुकले. (नवसाचा हिशोबही असाच, नवस करून पास झालेले तेवढे मोजायचे, न करता पास झालेल्यांचा रकाना कुणी उघडतच नाही.)

दुसऱ्या काही लोकांना आकडे तेच, फक्त क्रीमऐवजी सार्वजनिक जागी पिस्तूल लपवून बाळगण्यावर बंदी आणि पुरळाऐवजी शहरातली गुन्हेगारी, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांना रकान्यांची नावं उलटी करून दिली, म्हणजे एकांच्या आकड्यांत बंदीने गुन्हे कमी झाले, दुसऱ्यांच्या वाढले. आता बंदी हवी म्हणणारे उदारमतवादी आणि नको म्हणणारे पुराणमतवादी, दोन्ही बाजूंचे गणितवाले, उत्तर आपल्या मताचं असलं तर बरोबर आणि विरुद्ध असलं तर बऱ्याचदा चूक! दोन्ही गटांतलं अंतर कच्च्यांपेक्षा पक्क्यांत जास्त.

का? डोक्यात आधी ढोबळ उत्तर येतं, ते सोयीचं असलं की आपण तिथेच थांबतो, भागाकार कोण करत बसतो. गैरसोयीचं असलं की मग पेन काढून टक्केवारी. ज्याला भागाकार जमत नाही तो दोन्ही वेळा चुकतो, ज्याला जमतो तो गरज पडली तरच करतो, म्हणून फरक त्याच्यात दिसतो. नंतर इतरांनी प्रयोग परत केला तेव्हा हा भाग दरवेळी तेवढा ठळक आला नाही, त्यामुळे 'हुशार माणसंच जास्त कट्टर' असा फॉरवर्ड आला तर सोडून द्या.

असहिष्णुता याच्या पुढची पायरी. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ ली रॉस म्हणायचे तसं, प्रत्येकाला वाटतं मी जग आहे तसंच बघतोय, मग माझं न पटणाऱ्याला एकतर माहिती नाही, नाहीतर त्याला विचार करता येत नाही, नाहीतर त्याचा काहीतरी स्वार्थ आहे. पहिल्याला आपण लिंक पाठवतो, दुसऱ्याला हसतो, तिसऱ्याशी बोलणंच बंद करतो. आणि तोही आपल्याबद्दल हेच म्हणत असतो, कारण भागाकार दोघांनीही खरंच केलेला असतो, आपापल्या अडचणीच्या जागी.