सर्टिफिकेशन ऑडिट सायकल (आयएसओ ९००१)

आयएसओ ९००१ (कारखान्याच्या क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिमचं आंतरराष्ट्रीय मानक) सर्टिफिकेट मिळवायला आणि टिकवायला ठरलेल्या क्रमानं होणाऱ्या ऑडिटचं तीन वर्षांचं चक्र. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना (धातूचं ओतकाम करणाऱ्यांना) हे तोंडपाठ असतं. सर्टिफिकेट मानक काढणारी आयएसओ संस्था स्वतः देत नाही, सर्टिफिकेशन बॉडी (ऑडिट करणारी तिऱ्हाईत संस्था) देते.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण १९५९ च्या अमेरिकी लष्कराच्या मिल-क्यू-९८५८ या क्वालिटीच्या मानकापर्यंत मागं जातात, काही बीएस ५७५० (१९७९) या ब्रिटिश मानकापासून धरतात. १९८७ चं पहिलं आयएसओ ९००१ बरंचसं बीएस ५७५० वरूनच उतरलंय, शिवाय लष्कराच्या कामात तपासणी खरेदीदाराचीच माणसं करायची, तिऱ्हाईत बॉडी नव्हे, त्यामुळं दुसरं मत जास्त पटतं. डेमिंगच्या पीडीसीए (प्लॅन-डू-चेक-ॲक्ट) चक्राशी मात्र या ऑडिट चक्राची गल्लत करू नये, ते कारखान्याच्या सिस्टिमच्या आतलं.

पहिलं ऑडिट दोन टप्प्यांत: स्टेज वनमध्ये तयारी बघतात, स्टेज टूमध्ये शॉप फ्लोअरवर प्रत्यक्ष काम. स्टेज टूला मेजर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाच्या अटीत मोठी त्रुटी) निघाली आणि शेवटच्या दिवसापासून ६ महिन्यांत तिची दुरुस्ती बॉडीला तपासता आली नाही तर स्टेज टू परत. मग दोन वर्षं सर्व्हेलन्स, म्हणजे दरवर्षी देखरेखीचं ऑडिट. इथं घोळ होतो तो तारखेचा: पहिलं सर्व्हेलन्स सर्टिफिकेशनचा निर्णय झाला त्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत लागतं, ऑडिट झालं त्या तारखेपासून मोजायचं नसतं, आणि बरेच जण नेमकं तेच मोजत बसतात.

सर्व्हेलन्समध्ये सगळं बघत नाहीत, नमुने घेतात. ऑडिटर फर्नेसपाशी (भट्टीपाशी) थांबून पायरोमीटरवरचा (तापमान मोजायच्या यंत्रावरचा) कॅलिब्रेशन स्टिकर, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं हे तपासल्याची चिठ्ठी, वाचणार, मग डिस्पॅचला लावलेल्या एखाद्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा नंबर, टिपून त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांच्या तपासणीचा कागद) मागणार. फाइल चकाचक असून उपयोग नाही, तो कागद तिथल्या तिथं निघाला पाहिजे. इंटर्नल ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेत का हे तर दरवेळी विचारतात. ते दाखवायची जबाबदारी अजून 'एमआर'कडंच (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्हकडं) असते, २०१५ च्या आवृत्तीनं हे पद सक्तीचं ठेवलेलं नसलं तरी.

तिसऱ्या वर्षी सर्टिफिकेट संपायच्या आत रीसर्टिफिकेशन. मुदत उलटली तर ६ महिन्यांत राहिलेलं काम पुरं करून सर्टिफिकेट परत चालू करता येतं, नाहीतर निदान स्टेज टू तरी नव्यानं. अशा वेळी नवीन मुदत जुन्या चक्रावरूनच धरतात, म्हणजे उशीर झालेले महिने गेले ते गेलेच.