डाग कुठे आहे ते पाहा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर काळानिळा डाग दिसला, तर तेवढ्यावरून घरच्यांवर संशय घेऊ नये. उतारवयात त्वचा पातळ होते, खालच्या नाजूक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दाराची कडी लागली तरी डाग उठतो.

मग मारहाणीचा डाग ओळखायचा कसा? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ज्येष्ठांच्या अंगावर चुकून लागून उठलेल्या डागांचा रोज माग ठेवला आणि २००५ साली निष्कर्ष मांडले. सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मानेवर, कानांवर, तळपायांवर एकही नव्हता. पिवळा डाग म्हणजे जुना, हा समजही चुकीचा निघाला. काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे दिसले. याच गटाने पुढे मार खाल्लेल्या ज्येष्ठांना तपासलं. त्यांचे डाग मोठे, बरेचसे पाच सेंटिमीटरहून रुंद, आणि चेहऱ्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर अधिक होते. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: चुकून लागून उठलेला डाग कशाने पडला हे बहुतेकांना आठवत नव्हतं, पण मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांनी कारण सांगितलं. स्मरणशक्ती कमी झालेल्यांनीसुद्धा. म्हणून विचारायला हवं, आणि तेही मुलगा-सून किंवा सांभाळणारी बाई खोलीत नसताना.

बराचसा छळ मात्र अंगावर उमटतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावं लागतं. घालूनपाडून बोलणं, गोळ्या वेळेवर न देणं, पेन्शनचं एटीएम कार्ड काढून घेणं, सगळं त्यात येतं. मुंबईत त्यात जागेची भर पडते. गिरगाव-लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली की आईच्या नावावरच्या दहा बाय बाराच्या खोलीची किंमत एकदम वाढते आणि बक्षीसपत्रावर, म्हणजे जागा दान दिल्याच्या दस्तावर, सहीसाठी आग्रह सुरू होतो.

अशा वेळी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा कामी येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणं आवश्यक मानलं. २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने वाचावा असं सांगितलं. तरी बक्षीसपत्रातच अट स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासन सिद्ध करणं फार अवघड जातं.

निर्वाह भत्त्याचा अर्ज याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. कायद्याने निकालासाठी नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांची मुदत ठरवली आहे. ज्येष्ठाला स्वतः जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. शेजारच्या आजींना घराबाहेर पडता येत नसेल, तर त्यांच्या संमतीने हे काम तुम्हीही करू शकता. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.