बाहेर पडलेली ठिणगी आत पडतेच असं नाही

गाडीचा पिकअप गेला, चढावर इंजिन गचके द्यायला लागलं, की एक ठरलेली परीक्षा होते. स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग) काढायचा, त्याला उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलला जोडून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. चट्‌चट् निळी ठिणगी दिसली की निकाल जाहीर: प्लग ओके, दोष दुसरीकडे शोधा. ठिणगी पडलीच नाही तर काहीतरी नक्की बिघडलंय, इतपत ही परीक्षा बरोबर आहे. पण ठिणगी पडली, तर त्यातून जवळपास काहीच सिद्ध होत नाही. शिवाय प्लग काढलेल्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारीच हजारो व्होल्टची ठिणगी पाडायची, हा आगीशी खेळ आहे तो वेगळाच.

परीक्षा फसते कारण प्लगचं काम बाहेरच्या हवेत नसतंच. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधली गॅप साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. नेहमीच्या दाबाच्या हवेत १ मिलिमीटर फट ओलांडायला ठिणगीला ३ हजार व्होल्टच्या आसपास लागतात. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २०–३० हजार व्होल्ट तयार करू शकते, त्यामुळे बाहेरची ही परीक्षा मरतुकडी कॉइल आणि झिजलेला प्लगसुद्धा आरामात पास होतात. सिलिंडरच्या आत मात्र प्रश्नपत्रिकाच वेगळी असते.

फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं की वायूतून ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज नुसत्या अंतरावर ठरत नाही, ते दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. असं का? हवेत वैश्विक किरण वगैरेंमुळे सुटे झालेले मोजके इलेक्ट्रॉन कायम भटकत असतात. व्होल्टेज लावलं की ते धन इलेक्ट्रोडकडे पळत सुटतात आणि वाटेत रेणूंवर आदळतात. ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उखडायला सुमारे १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, नायट्रोजनच्या रेणूला साडेपंधरा. तेवढी ऊर्जा कमावलेला इलेक्ट्रॉन आदळला की एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि बघता बघता लोंढा तयार होतो. तो पलीकडे पोचला की हवा वाहक बनते आणि आपल्याला ठिणगी दिसते. पण ही ऊर्जा इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या मधल्या धावेतच कमावतो. वायू दाट असेल तर धाव छोटी, कमाई कमी. मग तेवढ्याच छोट्या धावेत पुरेशी ऊर्जा मिळायला विद्युतक्षेत्र वाढवावं लागतं, म्हणजे व्होल्टेज वाढवावं लागतं. (काटेकोर बोलायचं तर इथे दाबापेक्षा घनता महत्त्वाची, कारण दाबलेला वायू तापलेलाही असतो. आणि हा गुणाकार आणि व्होल्टेज यांचा पाशेनचा आलेख डाव्या बाजूला पुन्हा वर वळतो: वायू फारच विरळ झाला तर आदळायला रेणूच सापडत नाहीत. हवेसाठी आलेखाचा तळ सव्वातीनशे व्होल्टच्या जवळपास आहे. मला हा आलेख फार आवडतो, पण इंजिनाचा संबंध त्याच्या उजव्या बाजूशीच.)

आता इंजिनात या. पिस्टन हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला दाबून त्याचा आकार दहाव्या हिश्शापर्यंत आणतो, ठिणगी त्याच्या थोडी आधी पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर त्या क्षणी वायूची घनता बाहेरच्या सात-आठ पट असू शकते. बाहेर ३ हजार व्होल्टवर उडणारी ठिणगी आत १५ हजारांच्या वर मागायला लागते. उलट गाडी नुसती उभी राहून सुरू असते तेव्हा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळपास बंद असतो. सिलिंडरमध्ये येणारी हवाच बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणून व्होल्टेजची मागणीही बरीच कमी. ‘उभी असताना इंजिन घड्याळासारखं चालतं, चढावरच गचके देतं’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय पूर्ण दाबून गाडी ओढायला लावली की दोष हमखास वर येतो, कारण तेव्हा सिलिंडर सर्वात जास्त भरलेला असतो. इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढलेली असेल तर गुणाकारातला दुसरा आकडाही वाढतो, आणि कॉइल कमी पडते.

काजळीची गोष्ट याहून लबाड आहे. मधल्या इलेक्ट्रोडभोवती जे पांढरं चिनीमातीसारखं नाक दिसतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं, अव्वल दर्जाचा विद्युतरोधक. त्यावर काजळी बसली की तोच पृष्ठभाग वाहक होतो, आणि फट ओलांडण्याऐवजी वीज नाकावरून घरंगळत बाहेरच्या धातूत जाते. हिशोब करून बघा: काजळीचा रोध अर्धा मेगाओहम असेल, तर २० हजार व्होल्टला तिच्यातून ४० मिलिअँपिअर गळतील. कॉइल देऊन देऊन ५०–१०० मिलिअँपिअर देते, तेही क्षणभर. म्हणजे पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये हवा भरण्यासारखं झालं. पंप चालूच आहे, पण दाब काही चढत नाही. व्होल्टेज ठिणगीच्या पातळीपर्यंत पोचतच नाही आणि त्या सिलिंडरमधलं मिश्रण न जळता बाहेर जातं. चार सिलिंडरच्या इंजिनात एक असा बसला तर पाव भागापेक्षा जास्तच ताकद जाते, कारण मेलेल्या सिलिंडरचं घर्षण उरलेल्या तिघांना ओढावं लागतं.

पुढे तर दुष्टचक्रच. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपर्यंत जातो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. इंजिनाचा संगणक समजतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी पेट्रोल सोडतो. त्याने चांगल्या प्लगांवरही काजळी धरते, आणि वाया गेलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला भाजून काढतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय म्हणजे नेमका हाच धोका. तेव्हा गाडी दामटू नये.

काजळी जमते तरी का? नाकाचं टोक साधारण ४५०–५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की काजळी आपोआप जळून जाते. रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत टोक तितकं तापतच नाही, त्यात थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिलं जातं. दुसरीकडे ८५० च्या पुढे गेलं तर टोक स्वतःच मिश्रण आधी पेटवायला लागतं. म्हणून प्लगचे ‘गरम’ आणि ‘थंड’ प्रकार असतात: गरम प्लगचं टोक उष्णता सावकाश सोडतं, थंडचं भरभर. प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या क्रमांकात नेमकं उलट. गाडीच्या पुस्तिकेतलाच प्लग घ्यावा. इरिडियम प्लगने ताकद वाढते ही जाहिरातबाजी आहे. इरिडियम २४४६ अंशांना वितळतो, म्हणून टोक बारीक ठेवता येतं, टिकतं जास्त आणि व्होल्टेज कमी लागतं. पण निरोगी इंजिनाला साध्या प्लगपेक्षा जास्त ताकद तो कुठून आणणार? पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

दोष शोधताना आधी स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०२ कोड आला तर दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे त्यातलं मिश्रण नीट पेटत नाहीये. इंजिन बंद करून त्याची कॉइल तीन नंबरवर आणि तिथली दोनवर लावा, मग परत चालवून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लगांची तशीच अदलाबदल करा. थंड इंजिनातूनच प्लग काढा. फिकट तपकिरी किंवा राखाडी नाक ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काळी पूड म्हणजे पेट्रोल जास्त, तुंबलेला एअर फिल्टर किंवा छोट्या फेऱ्या. पांढरंफटक, फोड आलेलं नाक म्हणजे प्लग भाजतोय. धातूच्या वर, बाहेरच्या चिनीमातीवर तपकिरी कडं दिसलं तर गॅस लीक समजून घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. तारेच्या ब्रशने मात्र नाक घासू नका, धातूचे कण राहून नवी गळती सुरू होते.

ओला, चकचकीत काळा थर असेल तर ते ऑइल आहे, आणि नवा प्लग टाकून काम भागणार नाही. तोही काळा होईल. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा लक्षात येण्याइतका वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आणि कॉम्प्रेशन आधीपासूनच चांगलं असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारी स्टेम सील तपासा.